परमुलखात पडलेल्या पूर्वजाचं नाव घरच्या दगडावर कोरताना : आधी कागद, मग छिन्नी

रत्नागिरी, रायगड, साताऱ्याकडच्या कितीतरी घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं : ‘पणजोबा बसऱ्याला गेले, ते परत आलेच नाहीत.’ अलीकडे अशा माणसाचं नाव घराण्याच्या समाधीवर, घरासमोर उभारलेल्या शिळेवर, किंवा सिमेट्रीतल्या कुटुंबाच्या कबरीवर कोरायचं बरेच जण मनावर घेतात. मनापासून घेतात, पण क्रम उलटा धरतात. आधी दगडवाल्याला इसार दिला जातो, मग घाईने मजकूर जुळवतात, आणि उद्‌घाटनाच्या चार दिवस आधी कुणीतरी विचारतं, ‘पलटण कुठली होती रे?’

परिणाम दगडावर दिसतो. मी पाहिलेल्या एका शिळेवर शिपायाला कधीच न मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळाल्याचं कोरलंय. दुसरीवर लिहिलंय ‘येथे चिरविश्रांती घेत आहेत’, आणि देह मात्र इराकच्या मातीत. कोरलेलं खोडता येत नाही, म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. सगळं मिळून सहा-आठ महिने धरा. त्यातला दगडाचा वेळ जेमतेम महिनाभराचा असतो.

सैनिक स्वातंत्र्यानंतरच्या युद्धातला असेल तर शोधाचा भाग सोपा आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि त्याच्या रेजिमेंटचं अभिलेख कार्यालय (मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला) यांच्याकडून हुद्दा, क्रमांक, तारीख आणि ठिकाण लेखी घ्या. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरही नाव आहे का ते पाहा आणि थेट सहाव्या टप्प्यावर या. बाकीचे टप्पे दोन महायुद्धांत गेलेल्यांसाठी आहेत.

१. घरातल्या वस्तू आणि घरातली तोंडं

सुरुवात ट्रंकेपासून करा. पहिल्या महायुद्धाची दोन गोल पदकं बहुतेक घरांत एकत्र सापडतात. एक चांदीचं, त्यावर राजाचं तोंड. दुसरं पितळी रंगाचं, त्यावर पंख असलेली देवता. दिवसाउजेडी खिडकीत बसा, पदक तिरपं धरा आणि भिंगाने त्याची कडा वाचा. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. घासून गुळगुळीत झालेली असली तरी कडेवर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच फिरवली की आकडे उमटतात. हा क्रमांक हाती लागला की निम्मं काम झालं.

पंखवाल्या देवतेचं पदक म्हणजे ‘व्हिक्टरी मेडल’. युद्धक्षेत्रात सेवा केलेल्या सगळ्यांना ते मिळालं. नावातल्या साम्यामुळे घराघरांत त्याचं ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ झालंय. व्हिक्टोरिया क्रॉस नावाप्रमाणे क्रूसाच्या आकाराचा असतो. तुमच्या हातातलं पदक गोल असेल तर तो प्रश्न तिथेच मिटला.

तिसरी वस्तू फार मोलाची : सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची काशासारख्या धातूची जड थाळी. तिच्यावर त्रिशूळधारी स्त्री, शेजारी सिंह आणि चौकटीत उठावाच्या अक्षरांत माणसाचं नाव. ही थाळी फक्त मृतांच्या घरी पाठवली जाई. तिच्यावर हुद्दा आणि पलटण मुद्दाम दिलेली नसते, त्यामुळे ‘काहीच लिहिलेलं नाही’ म्हणून बाजूला टाकू नका. मृत्यू सेवेत झाल्याचा तोच पुरावा आहे.

इशारा : चिंच, राख, पितांबरी काहीही लावू नका. कडेवरची अक्षरं आधीच झिजलेली असतात, एका घासणीत क्रमांक जातो.

त्यानंतर माणसं. सासरी गेलेल्या आत्या आणि त्यांच्या लेकी यांना आधी विचारा. माहेरची गोष्ट त्यांनी जशीच्या तशी जपलेली असते. देवघरात ‘वीर’ म्हणून पुजलेला टाक कुणाचा, तेही विचारून घ्या. जे ऐकाल ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा, स्वतः दुरुस्त करत बसू नका. ‘बसरा’ म्हणजे बसरा शहरच असेल असं नाही. आपल्याकडे सगळ्या मेसोपोटेमियालाच (आजच्या इराकला) बसरा म्हणत.

२. गावचे कागद

तलाठी कार्यालय किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार (गाव नमुना ६) मागा. जमीन असलेला माणूस मेला की वारसनोंद होते, आणि त्या नोंदीत बापाचं नाव, वारसाचं नाव आणि नोंदीची तारीख असते. १९१६ ते १९२२ या काळातले फेरफार सलग वाचा. नोंद बहुधा मोडीत असेल. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि मूळ पानाचा फोटोही ठेवा.

कोतवाल बुकात (गाव नमुना १४) मृत्यू सापडेलच असं धरू नका. त्या बुकात गावात झालेले मृत्यू चढवलेले असतात. परमुलखात मेलेला माणूस त्यात नाही, म्हणून ‘आजोबांनी रचलेली कथा असेल’ असा निष्कर्ष काढणारे मला भेटलेत. जन्माची नोंद मात्र तिथे मिळू शकते. शाळेच्या जनरल रजिस्टरात आणि त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही डोकावा. भाऊ पिंडदानाला गेला असेल तर भावकीतली नावं एका पानावर मिळतात.

चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे का ते पाहा. ‘या गावातून इतके पुरुष १९१४-१९१९च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले’ अशा अर्थाची इंग्रजी किंवा मराठी ओळ असते. सरकारने अशा पाट्या गावोगावी लावल्या. बहुतेकींवर नुसता आकडा आहे, नाव एकही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात हा आकडा ४६ आहे. त्या आकड्यामागच्या माणसांपैकी एकाला तुम्ही नाव देणार आहात.

तपासा : पुढे जाण्यापूर्वी वहीच्या एका पानावर माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव-वाडी, तेव्हाचा तालुका-जिल्हा आणि मृत्यूचा अंदाजे काळ, हे सगळं आलं पाहिजे.

३. आयोगाच्या यादीतला शोध

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट शोधता येते. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या दोन काळांतले मृत्यू तिच्यात धरलेत. म्हणजे युद्ध संपल्यावर १९२० साली मेलेलाही तिच्यात असू शकतो. १९१८ वर थांबू नका.

सवय व्हावी म्हणून आधी यशवंत घाडगे यांचं नाव शोधून पाहा. रायगड जिल्ह्यातले हे नायक, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. त्यांच्या नोंदीत हुद्दा, पलटण, तारीख आणि स्मारक कसं मांडलंय ते कळलं की आपल्या माणसाची नोंद वाचणं सोपं जातं.

लोक सर्वाधिक अडखळतात ते इथेच, कारण आडनाव टाकून शोधतात. भारतीय सैनिकांची नावं इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिली, आणि पुष्कळदा पूर्ण नावच आडनावाच्या रकान्यात भरलं. म्हणून हा क्रम पाळा :

पहिल्यांदा आडनावाच्या रकान्यात फक्त पाळण्यातलं नाव टाका : रामा, गणू, बाबाजी, राघो. ‘रामचंद्र’ असं सुधारून टाकलंत तर सापडणार नाही, सैन्यात तो ‘रामा’ म्हणूनच भरती झालेला असतो.

मग ‘कोणत्या सैन्यात’ या चाळणीत भारतीय सैन्य निवडा आणि युद्ध निवडा.

त्यानंतर पलटण. ‘मराठा’ हा शब्दच तेव्हा इंग्रजीत ‘माह्‌राट्टा’ असा, मध्ये ‘एच’ आणि दोन ‘टी’ घालून लिहीत. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर हाती काही लागत नाही. पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणी सहा : १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७.

शेवटी आडनाव, त्याच्या सगळ्या रूपांत. शिंदेचं सिंदे, पवारचं पोवार, चव्हाणचं चवान, जाधवचं जाधाव किंवा जाधो.

निकाल शंभरावर गेले तर ते एक्सेलमध्ये उतरवा आणि ‘अतिरिक्त माहिती’च्या रकान्यात तालुक्याचं नाव शोधा. पुष्कळ नोंदींत तिथे ‘अमक्याचा मुलगा, अमुक गाव, तालुका, जिल्हा’ अशी ओळ असते. या एका ओळीसाठी हा सगळा खटाटोप आहे.

मराठा पलटणींत सापडला नाही तर? तो मराठा पलटणीतच असेल हे तुम्ही गृहीत धरलं होतं. १११वी महार पलटण १९१७ साली उभी राहिली. खडकीचे बॉम्बे सॅपर्स (लष्कराचं अभियंता दल) होते. सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट, खेचरांचे तांडे, हमालांच्या आणि मजुरांच्या पलटणी, बसऱ्याच्या नदीवरच्या बोटी, इस्पितळातले वॉर्डबॉय, भिस्ती, आचारी होते. ‘फॉलोअर’ असा शेरा दिसला म्हणून मान खाली घालू नका, दगडावर तो तितक्याच हक्काने येतो. आणि घर किनाऱ्यावरचं असेल तर खलाशांची यादी आधी उघडा. समुद्रातच गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नोंद मुंबईच्या १९१४-१९१८ स्मारकाखाली आहे. सैनिकांच्या यादीत हयातभर शोधलंत तरी ते सापडायचे नाहीत.

४. तोच माणूस का?

नोंद सापडली की आनंदाने फोन फिरवले जातात. थांबा. एकाच पलटणीत एकाच नावाचे तीन-चार शिपाई असणं अगदी नेहमीचं.

बापाचं नाव, गाव, क्रमांक किंवा पलटण, आणि मृत्यूचा काळ या चारपैकी तीन जुळले पाहिजेत. त्या तिनांत बापाचं नाव किंवा पदकावरचा क्रमांक हवाच. गाव जुळवताना तेव्हाचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवा. आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होता, पण सावंतवाडी हे तेव्हा वेगळं संस्थान. रायगड म्हणजे कुलाबा. आजच्या सांगलीचा बराच भाग साताऱ्यात. खेड तालुका रत्नागिरीतही आहे आणि पुण्यातही.

तारखेकडे थोड्या सावधपणे बघा. बेपत्ता माणसाची तारीख कचेरीने ठरवलेली असू शकते. मेसोपोटेमियातल्या कूट गावचा वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी ब्रिटिश-भारतीय फौजेच्या शरणागतीने संपला आणि त्यात १०३, ११० आणि ११७ या पलटणींचे मराठे कैद झाले. त्यानंतरच्या महिन्यांतली तारीख दिसली तर माणूस लढाईत पडला असं लिहू नका. वाटचालीत आणि कैदेत पुष्कळ जण गेले.

इशारा : आयोगाच्या यादीत मृत्यूचं कारण सहसा नसतं. मेसोपोटेमियात आजाराने गेलेले असंख्य आहेत. ‘शत्रूशी लढताना’ हे शब्द पुराव्याशिवाय वापरू नका.

जुळलंच नाही तर? मग नोंद उसनी घेऊ नका. ‘पहिल्या महायुद्धावर गेले, परतले नाहीत’ एवढं कोरा. ते पूर्ण खरं आहे, आणि घराने शंभर वर्षं तेच सांभाळलंय.

५. नोंदीतलं ‘स्मारक’ म्हणजे काय

नोंदीत दफनभूमीचं नाव आणि कबरीचा क्रमांक असेल तर कबर आहे. ‘मेमोरियल’ असेल तर कबर ज्ञात नाही, किंवा दहन झालं. फ्रान्स-बेल्जियमसाठी बहुधा नव्ह-शापेल येतं. तिथे ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं आहेत. वायव्य सरहद्दीवर गेलेल्यांसाठी दिल्लीचं इंडिया गेट. दुसऱ्या महायुद्धासाठी इटलीतलं कसिनो, इरिट्रियातलं केरेन, सिंगापूर, रंगून.

बसरा स्मारकाचं प्रकरण वेगळं आहे. संगणकावर तुमच्या माणसाच्या नोंदीत ‘बसरा मेमोरियल’ आणि फलकाचा क्रमांकही दिसेल. म्हणून लोक कोरतात : ‘बसरा स्मारकावर नाव अंकित’. ते चूक आहे. तिथे भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, शिपायांची मात्र पलटणीनिहाय नुसती संख्या. त्यांची नावं कागदावरच्या यादीत राहिली. असमान वागणुकीबद्दल आयोगाने २०२१ साली जाहीर माफी मागितली. तुमच्या पणजोबांचं नाव दगडावर पहिल्यांदा कोरलं जाणार आहे ते कदाचित तुमच्याच अंगणात. मजकूर बारकाईने तपासायला यापेक्षा मोठं कारण नको.

६. मजकूर

क्रम असा ठेवा : हुद्दा आणि नाव, बापाचं नाव आणि गाव, पलटण, तारीख आणि मृत्यूचं ठिकाण, नोंद कुठे आहे. घाडग्यांची माहिती या क्रमाने मांडली तर (वडिलांची ओळ तुम्ही घराप्रमाणे घाला) :

> नायक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस
> ३री पलटण, ५वी मराठा लाइट इन्फंट्री
> १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले
> नाव : कसिनो स्मारक, इटली

पाच-सहा ओळींच्या वर जाऊ नका. शौर्यगाथा वहीत लिहा.

पलटणीचं नाव त्या दिवशी जे होतं तेच. १९२२ साली पलटणींचे क्रमांक बदलले. ११०वी मराठा लाइट इन्फंट्री ही ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची ३री पलटण झाली. म्हणून १९१६ साली गेलेल्या माणसाच्या दगडावर ‘११०वी’ हवं.

‘येथे’ आणि ‘समाधी’ हे शब्द टाळा. देह इथे नाही. ‘स्मरणार्थ’ लिहा आणि मृत्यूचं ठिकाण स्पष्ट द्या. इंग्लंडच्या खेड्यांतल्या चर्चच्या आवारात हीच रीत दिसते. १९१५ पासून देह मायदेशी आणायला ब्रिटिश सैन्याने बंदी घातली, तेव्हा आईबापांनी स्वतःच्या कबरीच्या दगडावर, आपल्या नावांखाली, मुलाचं नाव आणि तो जिथे पडला ती जागा कोरून घेतली. वाचणाऱ्याला लगेच कळतं की मुलगा दूर आहे. वसईकडच्या किंवा अहिल्यानगरच्या ख्रिस्ती कुटुंबांनी घरच्या कबरीवर ओळ वाढवताना असंच करावं.

‘शहीद’ हा शब्द भारतीय लष्कर अधिकृतपणे वापरत नाही. लढाईत मृत्यू सिद्ध असेल तर ‘धारातीर्थी पडले’, नसेल तर ‘युद्धसेवेत निधन’. दुसऱ्या शब्दाने मान कमी होत नाही.

तिथीचा प्रश्न हमखास निघतो. तारीख खात्रीची असेल तर त्या सालच्या पंचांगावरून तिथी काढता येते. पण दगडावर तारीखच कोरा, तिथी घरच्या वहीत ठेवा. तिथी कळलीच नाही तर शस्त्राने गेलेल्यांसाठी पितृपक्षातली चतुर्दशी आहे, आणि सर्वपित्री अमावास्या तर सगळ्यांचीच.

तपासा : मजकूर भावकीतल्या सगळ्या शाखांना वाचून दाखवा आणि सह्या घ्या. ‘आमच्या आजोबांचं नाव का नाही’ हा प्रश्न दगड बसल्यावर निघण्यापेक्षा आधी निघालेला बरा.

७. जागा आणि परवानगी

स्वतःच्या मालकीच्या अंगणात भावकीची संमती पुरते. गावठाणात किंवा चावडीपाशी ग्रामसभेचा ठराव घ्या आणि त्याची प्रत ठेवा. देवस्थानात विश्वस्तांचा ठराव, शाळेत व्यवस्थापन समिती आणि जिल्हा परिषद. सिमेट्रीत धर्मगुरूंची लेखी परवानगी, कब्रस्तानात जमातीची. कब्रस्तानात दगड साधा ठेवण्याची रीत असते, ती आधी विचारा. पुतळा मनात असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हात घालू नका. रस्त्याच्या कडेची जागा घेऊच नका, रुंदीकरणात दगड सगळ्यात आधी जातो.

आवारात जुनी वीरगळ असेल तर तिच्यावर नाव कोरू नका, तिला हलवूही नका. ती दुसऱ्या कुणाची तरी आठवण आहे.

८. दगड आणि अक्षरं

कोकणात जांभा हाताशी असतो, पण तो सच्छिद्र. चौथऱ्याला उत्तम, अक्षरांना निरुपयोगी. संगमरवर दोन-तीन पावसाळ्यांत शेवाळतो. काळा ग्रॅनाइट किंवा घट्ट पोताचा काळा पाषाण घ्या. रंगवलेली किंवा चिकटवलेली अक्षरं नकोत. किमान ३ मिलिमीटर खोल कोरून घ्या आणि अक्षराची उंची २५ मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर वेलांट्या आणि अनुस्वार धुळीत बुजतात.

खरी गोची संगणकाच्या फाँटची. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर दुकानातल्या जुन्या फाँटमध्ये बदलताना जोडाक्षरं फुटतात. आमच्याच भावकीच्या शिळेवर ‘शिंदे’चा अनुस्वार गळाला आणि ‘शिदे’ कोरलं गेलं. कारागीर अक्षरं उमटवून घेत होता, शब्द वाचत नव्हता. दगड नवा घ्यावा लागला. म्हणून असं करा :

मजकूर दगडाच्या खऱ्या मापात कागदावर छापून मागा. तो भिंतीला चिकटवा. दहा फुटांवरून वाचा. मग जवळ जाऊन शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे उलटा वाचा, म्हणजे डोळा ओळखीच्या शब्दांवरून घसरत नाही. मजकूर पहिल्यांदाच पाहणाऱ्या माणसालाही वाचायला द्या. अनुस्वार, रफार, ‘ऱ्या’, ‘ष्ण’, ‘ट्री’ आणि आकडे पेनाने एकेक टिंब करत तपासा. त्या कागदावर तुमची आणि कारागिराची सही झाल्यावरच छिन्नी लागू द्या.

९. बसवल्यानंतर

शिळा मागे किंचित कललेली ठेवा, म्हणजे पाणी अक्षरांत साचत नाही. पाया जमिनीपासून वीतभर वर घ्या. ओली माती आणि गवत खालच्या ओळीपर्यंत चढतं.

सगळ्या कागदांच्या (फेरफार, मोडी लिप्यंतर, पदकाच्या कडेचा फोटो, आयोगाच्या नोंदीचं छापील पान, सह्यांचा मजकूर) तीन प्रती करा. एक घरात, एक ग्रामपंचायतीत, एक माहेरवाशिणींपैकी कुणाकडे. आयोगाच्या नोंदीत गावाचं किंवा बापाचं नाव चुकलं असेल तर हेच कागद पाठवून दुरुस्तीची विनंती करता येते. मात्र ते त्या काळातला लेखी पुरावा मागतात. आपण नुकताच कोरलेला दगड त्यात धरला जात नाही.

पहिला पावसाळा सरला की दसऱ्याच्या आधी मऊ कुंचला आणि साधं पाणी घेऊन अक्षरं धुवा. शेंदूर, तेल, ऑइलपेंट कुणाला लावू देऊ नका. हार घालायचा तो शिळेच्या पायाशी ठेवा, कारण ओल्या झेंडूचा डाग काळ्या दगडावरही राहतो.